दुसऱ्याचा मार, आपली पाठ

दुसऱ्याचे दुःख पाहून जीव कळवळतो, हे आपण नित्य बोलतो. पण दुसऱ्याला बसलेला मार पाहणाऱ्याच्या अंगावर उमटतो म्हटले, की शिकलेली माणसे हसतात. कीर्तनात पैठणचा प्रसंग निघाला, आसूड रेड्यावर आणि वळ ज्ञानोबारायांच्या पाठीवर असे आम्ही सांगितले, की तरुण मंडळी हे खरे का म्हणून हटकून विचारतात. त्यांच्यासाठी आज बंगालातील एका सत्पुरुषाचे चरित्र सांगतो. हा काळ काही फार जुना नव्हे.

श्रीरामकृष्ण परमहंसांचा जन्म १८ फेब्रुवारी १८३६ रोजी हुगळी जिल्ह्यात कामारपुकुर गावी झाला. वडील क्षुदिराम, आई चंद्रमणी; घर गरीब, पण सदाचारी. मुलाचे नाव गदाधर. राणी रासमणींनी कलकत्त्याच्या उत्तरेस, दक्षिणेश्वरी, गंगेच्या काठी कालीमातेचे मंदिर बांधले. १८५५ साली तेथे प्रतिष्ठा झाली आणि गदाधराचे वडील बंधू रामकुमार पुजारी झाले. पुढच्याच वर्षी ते वारले आणि देवीची सेवा गदाधराकडे आली. सेवा कसली, वेडच ते! आईचे दर्शन व्हावे म्हणून ते रात्रंदिवस रडत.

एके दिवशी ते घाटावर भावावस्थेत गंगेकडे पाहत उभे होते. काठाशी दोन नावाडी भांडत होते. भांडता भांडता बळकटाने दुबळ्याच्या पाठीवर जोराने थापड मारली, आणि इकडे रामकृष्ण वेदनेने ओरडले. भाचा हृदय देवळातून धावत आला. पाहतो तो मामांची पाठ लाल होऊन सुजलेली! कोणी मारले, म्हणून तो संतापाने पुन्हा पुन्हा विचारू लागला. खरी हकीकत कळली तेव्हा तो थक्क झाला. असेच एकदा कोवळ्या गवतावरून कोणी चालत गेला, तर यांच्या छातीत कळ उठली.

आता विज्ञान काय म्हणते तेही ऐका. २००५ साली लंडनच्या संशोधकांनी एका बाईची तपासणी प्रसिद्ध केली. दुसऱ्याच्या गालाला हात लागलेला दिसला, की तिला आपल्या गालावर स्पर्श जाणवे. सगळ्यांनाच असे होते, अशी तिची समजूत होती. पुढे शोध घेता शंभरांत एखाद-दोन माणसे अशी आढळली. स्पर्श नुसता पाहताना तुमच्या-आमच्या मेंदूतीलही स्पर्शाची जागा किंचित जागी होते. या माणसांत ती फारच जागी होते. सूज वा वळ का यावा, याचा उलगडा त्यात नाही. पण परक्याचा स्पर्श आपल्याला जाणवतो, ही गोष्ट आता हसण्यावारी नेता येत नाही.

परंतु बरं का सज्जनहो, जाणवणे हा झाला देहाचा धर्म. ज्याला जाणवते तो तोंड फिरवूनही निघून जाऊ शकतो. रामकृष्णांनी काय केले? १८६८ साली राणींचे जावई मथुरबाबू यांच्याबरोबर ते तीर्थयात्रेस निघाले. वाटेत वैद्यनाथाजवळ भुकेने खंगलेली, उघडीनागडी माणसे दिसली. यांना जेवण, वस्त्र आणि डोक्याला तेल द्या, असा त्यांनी हट्ट धरला. मथुरबाबू खर्चाला कचरले, तेव्हा काशी राहिली बाजूला, हे त्या लोकांतच जाऊन बसले! अखेर कलकत्त्याहून कापड आणवले, सगळे जेवले, मगच यात्रा पुढे चालली.

१८८५ साली त्यांच्या घशाला कर्करोग झाला. काशीपूरच्या बागेत घास गिळवेना. आईजवळ अन्नापुरते तरी मागा, अशी शिष्यांनी गळ घातली. त्यांनी मागितले, आणि इतक्या मुखांनी तूच जेवतो आहेस ना, असे आईने दाखविल्याचे सांगून ते लाजले. १६ ऑगस्ट १८८६ रोजी त्यांनी देह ठेवला.

गीतेच्या सहाव्या अध्यायात आत्मौपम्य सांगितले आहे, ते आम्ही पाठशाळेत घोकले. या पुरुषाने ते अंगावर वागविले. परक्याचा मार ज्याची पाठ सोसते, त्यालाच परक्याच्या घासाने तृप्ती येते. आपली पाठ तशी नसेल; पण दारी आलेल्या भुकेल्याला पाहून तोंड न फिरवणे, एवढे तर आपल्या हाती आहे ना?