युगांडाचे कारागीर मिशनरी : अलेक्झांडर मॅके

आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत सुतार, लोहार, गवंडी अशी हातकसबाची माणसे पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांचा असा समज दिसतो की, देवाचे काम म्हणजे उपदेश, व उपदेश हा ज्यांस बोलता येते त्यांचाच वाटा. अशा बंधूंनी अलेक्झांडर मॅके ह्यांचे चरित्र अवश्य ऐकावे. हे गृहस्थ पाळक नव्हते व वैद्यही नव्हते. ते यंत्रे बांधणारे इंजिनिअर होते.

त्यांचा जन्म इ. स. 1849 च्या आक्टोबर महिन्यात स्कॉटलंड देशातील ऱ्हायनी नावाच्या खेड्यात झाला. वडील तेथील फ्री चर्चचे पाळक असून त्यांनी मुलास बरीच वर्षे घरीच शिकविले. मुलानेही आपल्यासारखेच पाळक व्हावे अशी त्यांची इच्छा होती; परंतु मुलाचे मन लोहाराची भट्टी, गिरणी व आगगाडीचे इंजिन ह्यांत गुंतलेले. पुढे मॅके ह्यांनी एडिंबरो येथे अध्यापनाचे व नंतर यंत्रविद्येचे शिक्षण घेतले, आणि 1873 साली जर्मनीत जाऊन बर्लिन शहरी एका कारखान्यात नोकरी धरली. तेथे त्यांचे चांगले बस्तान बसले. परदेशी मिशनकार्याचा विचार त्यांच्या मनात ह्याच काळी दृढ झाला. मात्र आपले कसब टाकून द्यावयाचे नाही, तेच घेऊन जावयाचे, असे त्यांनी ठरविले. प्रथम त्यांचा ओढा मादागास्कर बेटाकडे होता, पण तो योग जुळला नाही.

इतक्यात 1875 च्या नोव्हेंबरात प्रवासी स्टॅन्ली ह्यांचे एक पत्र लंडनच्या वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाले. मध्य आफ्रिकेतील बुगांडाचा राजा मुटेसा ह्यास ख्रिस्ती शिक्षक हवे आहेत. मात्र नुसता उपदेशक नको, घर बांधणारा, शेती शिकविणारा, रोग्यास औषध देणारा, पडेल त्या कामास हात घालणारा मनुष्य पाठवा, असा त्या पत्राचा आशय होता. चर्च मिशनरी सोसायटीने आठ जणांची टोळी निवडली, तीत मॅके वयाने सर्वांत लहान होते. निरोपाच्या सभेत त्यांनी कमिटीस बजावून ठेविले की, सहा महिन्यांच्या आत आमच्यापैकी एक जण मेल्याची बातमी येईल. ती आल्यावर खचू नका, त्याच्या जागी लगेच दुसरा पाठवा. एप्रिल 1876 मध्ये ते निघाले, आणि ऑगस्टात त्यांच्यातील बांधकाम करणारा गृहस्थ झांझिबार येथे तापाने वारला. दोन वर्षांच्या आत आठांपैकी चार जण मृत्यू पावले. त्यांपैकी दोघे भाल्यांनी मारले गेले.

मॅके स्वतः आजारामुळे वाटेवरून समुद्रकिनाऱ्याकडे परतले होते. तेथे ते रिकामे बसले नाहीत. 1877 साली त्यांनी मजूर जमवून, कुऱ्हाडी व कुदळी घेऊन, सादानी बंदरापासून म्प्वाप्वा गावापर्यंत सुमारे 230 मैलांची वाट रानातून काढली. तोपर्यंत त्या मुलखात सारा माल माणसाच्या डोक्यावरून जात असे. आता बैलगाड्या चालवू असा त्यांचा बेत होता. परंतु त्सेत्सी नावाच्या माशीच्या दंशाने बैल पटापट मेले आणि बेत फसला. आम्हांस हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण चरित्रकार बहुधा रस्त्याची लांबी सांगतात व बैलांविषयी घाईने पुढे जातात.

1878 त ते व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिण किनाऱ्यावर कागेई येथे पोहोचले. अगोदर गेलेल्या मंडळींचे सामान तेथे एका झोपडीत ढिगाने पडले होते : इंजिनाचे भाग, हत्यारे, पुस्तके, सारे गंजाने व वाळवीने खाल्लेले. मॅके ह्यांनी कानस व तेल घेऊन तुकड्यास तुकडा जुळविला, आणि गावकरी भोवती बसून नवल करू लागले. तेथे 'डेझी' नावाची मिशनची होडी होती, ती त्यांनी दुरुस्त केली. सरोवरात वादळ होऊन ती किनाऱ्यावर आदळली व फुटली. तेव्हा त्यांनी तिचा मधला सुमारे आठ फूट भाग कापून काढला, त्याच फळ्यांनी दोन्ही टोके सांधली, आणि आखूड झालेली होडी पुन्हा पाण्यात लोटली. ह्या खटपटीत आठ आठवडे गेले. नोव्हेंबरात ते मुटेसाच्या राजधानीत दाखल झाले.

येथे त्यांची खरी कसोटी लागली. पहिले मिशनरी आले तेव्हाच राजाने तुम्हांस बंदुका व दारू करता येते काय, असे विचारले होते. त्यास कारागीर हवा होता; कारागिराचा प्रभू हवा होता की नाही ह्याविषयी तो अखेरपर्यंत डळमळतच राहिला. मॅके ह्यांनी भट्टी व ऐरण मांडली, लेथ बसविला, विहीर खणून पंपाने पाणी वर आणले. लोक त्यांस काम करणारा गोरा म्हणू लागले. 1882 साली राजमाता वारली, तेव्हा राजाने युरोपच्या राजघराण्याच्या तोलाच्या शवपेट्या मागितल्या. एकात एक बसतील अशा तीन प्रचंड पेट्या, मधली तांब्याची, करण्यात मॅके व दरबारचे लोहार ह्यांचा सुमारे महिना गेला. राजा खूष झाला, परंतु त्याचे अंतःकरण होते तेथेच राहिले.

तर मग त्या हातांनी साधले काय? आमच्या मते त्यांचे सर्वांत मोलाचे काम अगदी बारीक होते. त्यांनी लाकडाचे खिळे कोरून लुगांडा भाषेतील अक्षरांचे तक्ते छापले, आणि पुढे लहानशा छापखान्यावर मत्तयाचे शुभवर्तमान तुकड्यातुकड्याने काढले. भट्टीपाशी जमलेले तरुण तक्ते हाती धरून वाचू लागले. त्या देशात ख्रिस्ती मनुष्यास वाचणारा असेच नाव पडले. सेम्बेरा नावाच्या तरुणाने घरी केलेल्या शाईने व गवताच्या काडीने लिहून बाप्तिस्मा मागितला. मार्च 1882 मध्ये पहिल्या पाच जणांचा बाप्तिस्मा झाला, त्यांत तो होता. त्याने मॅके हेच नाव घेतले.

1884 त मुटेसा वारला व त्याचा पुत्र म्वांगा गादीवर बसला. पुढल्याच जानेवारीत त्याच्या लोकांनी मिशनजवळच्या तीन मुलांस जाळून ठार केले. आक्टोबर 1885 त बिशप हॅनिंग्टन बुसोगा प्रांतात मारले गेले. त्यांच्या तांड्यातील मागे राहिलेल्या माणसांस सुखरूप किनाऱ्यावर आणणारे पाळक विल्यम जोन्स हे आमच्या नाशिकजवळील शरणपूरच्या मिशनशाळेत वाढलेले, गुलामीतून सुटलेले आफ्रिकन होते, हे वाचकांस ठाऊक असावे. 1886 त प्रोटेस्टंट व रोमन कॅथोलिक अशा उभय पंथांच्या पुष्कळ तरुणांनी प्राण दिले. मॅके ह्यांस मात्र राजा मारीना व जाऊही देईना, कारण त्यांचे हात त्यास हवे होते. त्या दिवसांत मॅके रात्री गुपचूप येणाऱ्यांस शिकवीत व धीराची पत्रे छापून पाठवीत.

त्यांच्या स्वभावात कडकपणा होता. फ्रेंच कॅथोलिक पाद्र्यांशी त्यांचे दरबारात उघड वाद झाले, आणि त्या वैराची फळे देशाने पुढे 1892 च्या लढाईत भोगली. ब्रिटिश सत्तेने त्या मुलखात हात घालावा असेही ते लिहीत. 1894 त तसे झाले, आणि सुवार्तेबरोबर निशाण आल्याचा डाग मिशनास बराच काळ पुसता आला नाही.

जुलै 1887 त त्यांस देश सोडावा लागला. सरोवराच्या दक्षिणेस उसांबिरो येथे त्यांनी नवे ठाणे घातले, विटा पाडल्या, भाषांतर चालू ठेविले. 1889 त स्टॅन्ली तेथे येऊन गेले व त्यांनी स्वदेशी चलण्याचा आग्रह केला. मॅके ह्यांस घर सोडून तेरा वर्षे झाली होती, तरी जागा घेणारा आल्यावाचून ते निघेनात. सरोवरात चालविण्यासाठी एक नवी बोट बांधण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते आणि तिच्या फळ्या कापून तयार होत्या. फेब्रुवारी 1890 मध्ये हिवतापाने ते प्रभूच्या ठायी झोपी गेले. वय अवघे चाळीस. बोटीसाठी कापलेल्या त्याच लाकडाची शवपेटी करण्यात आली, आणि बुगांडाहून आलेल्या ख्रिस्ती लोकांनी कबरेभोवती उभे राहून आपल्या भाषेत गीत गाइले.