जॉन हाउलंड : एका घराण्याचा मूळ पुरुष

अमेरिकेंतील बहुतेक कुटुंबांचा उगम समुद्रापलीकडे असल्यामुळें, आपला मूळ पुरुष कोणत्या गांवाहून, कोणत्या जहाजानें आला, हें शोधून काढण्याची त्या लोकांस मोठी आवड. ह्या शोधांत ज्याचें नांव वारंवार निघतें, असा एक इंग्रज तरुण म्हणजे जॉन हाउलंड. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट व पुढें त्याच पदावर आरूढ झालेले बुश पितापुत्र हे त्याचेच वंशज होत. परंतु ह्या पूर्वजाची हकीकत सांगतांना त्याच्या वंशजांनीं एक मोठी चूक केली, व ती कित्येक पिढ्या कोणाच्या ध्यानांत आली नाहीं. ती सांगण्यापूर्वीं त्याचें चरित्र थोडक्यांत सांगतों.

हाउलंडाचें घराणें इंग्लंडांतील हंटिंग्डन परगण्यांतल्या फेनस्टँटन ह्या खेड्यांतलें. इंग्लंडच्या राजमान्य धर्मसंस्थेशीं न पटल्यामुळें हॉलंड देशांत जाऊन राहिलेल्या कांहीं इंग्रज कुटुंबांनीं १६२० सालीं अमेरिकेंत वसाहत करण्याचा निश्चय केला. त्यांचा पुढारी जॉन कार्व्हर ह्याच्या सेवेंत असलेला हाउलंड त्याच्याबरोबर ‘मेफ्लॉवर’ जहाजावर चढला. चाकर म्हणजे जन्माचा गुलाम असें मात्र वाचकांनीं समजूं नये. त्या काळीं पुष्कळ तरुण ठराविक वर्षें सेवा करण्याचा करार करून परदेशीं जात, व मुदत भरली म्हणजे स्वतंत्र होत.

जहाजावर १०२ उतारू होते. भर समुद्रांत वादळ एवढें भयंकर झालें कीं, शिडें उतरवून जहाज वाऱ्यावर सोडून द्यावें लागलें. खालच्या कोंदट जागेंत जीव गुदमरला म्हणून असेल, हाउलंड वर आला. इतक्यांत जहाज एका बाजूस कलंडलें आणि तो पाण्यांत फेकला गेला. वरचें शीड चढविण्याचे दोर त्या वेळीं जहाजाबाहेर लोंबत होते. त्यांपैकीं एक त्याच्या हातीं लागला. लाटांनीं त्याला कित्येक वांव खोल नेलें, तरी त्यानें दोर सोडला नाहीं. खलाशांनीं त्याच दोरानें त्याला ओढून आंकडीनें वर घेतलें. कांहीं दिवस तो आजारी होता, एवढेंच. तो दोर त्या दिवशीं तेथें नसता, तर वर सांगितलेल्या अध्यक्षांपैकीं एकही जन्मास आला नसता!

नोव्हेंबर महिन्यांत किनारा लागला. आपण एकत्र राहून आपले कायदे पाळूं, अशा करारपत्रावर ४१ पुरुषांच्या सह्या झाल्या. धन्याप्रमाणें चाकर हाउलंडाचीही त्यांत आहे. जेथें त्यांनीं प्लिमथ गांव वसविलें, तेथें पूर्वीं वांपानोआग लोकांचें पटुक्सेट नांवाचें गांव होतें. थोड्याच वर्षांपूर्वीं सांथीनें तें ओस पडलें होतें, आणि वसाहतवाल्यांस आयतीं मोकळीं शेतें मिळालीं. त्या गांवचा टिस्क्वांटम हा वांचला होता. त्यानेंच ह्या परक्यांस मका पेरण्याची रीत शिकविली. मेफ्लॉवरच्या उतारूंची कीर्ति गातांना ही गोष्ट पुष्कळदां सोडली जाते.

पहिल्याच हिवाळ्यांत निम्मे लोक दगावले. टिली कुटुंबांतील आई, बाप, चुलता व चुलती असे चौघेही गेले, आणि तेरा वर्षांची एलिझाबेथ एकटी राहिली. १६२१ च्या वसंतांत गव्हर्नर झालेला कार्व्हर व मागोमाग त्याची पत्नी हीं मरण पावलीं. चाकराचा धनी गेला. मुलीचीं आईबापें गेलीं. पुढें हाउलंडानें ह्या अनाथ एलिझाबेथेशीं विवाह केला. त्यांस दहा मुलें झालीं व दहाही जगलीं. त्या काळीं हें फार दुर्मिळ.

वसाहतीचें कर्ज अंगावर घेणाऱ्या आठ असामींत हाउलंड होता. केनेबेक नदीवरील कातड्यांच्या व्यापाराच्या ठाण्यावर १६३४ सालीं तोच मुख्य होता. तेथें दुसऱ्या वसाहतीच्या माणसांशीं तंटा होऊन दोघांचे प्राण गेले. त्याच्या आयुष्यांतला हा दुःखद प्रसंग. १६७३ सालीं तो वारला, तेव्हां त्याचें वय ऐशींच्या वर होतें.

आतां ती चूक. हाउलंडाची पत्नी ही गव्हर्नर कार्व्हराची नात, असें त्याचे वंशज अभिमानानें सांगत. गव्हर्नराचें रक्त आपल्या अंगांत असावें असें कोणास वाटणार नाहीं? पण दुसरा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड ह्यानें स्वहस्तें वसाहतीचा इतिहास लिहून ठेवला होता. तें हस्तलिखित अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमींत नाहींसें झालें, आणि १८५५ सालीं लंडनच्या बिशपच्या फुलम येथील ग्रंथालयांत असल्याचें कळलें. पुढल्या वर्षीं तें छापून निघालें. त्याच्या शेवटीं मेफ्लॉवरच्या प्रत्येक कुटुंबाचें १६५१ च्या सुमारास काय झालें, ह्याची यादी आहे. तींत स्पष्ट लिहिलें होतें कीं, हाउलंडाची बायको जॉन टिलीची मुलगी. गव्हर्नराची नात एका ओळींत नाहींशी झाली. कित्येकांची निराशा झाली असेल. मला मात्र ही खरी हकीकतच त्या घराण्यास अधिक शोभते असें वाटतें.

विसाव्या शतकांत बेडफर्ड परगण्यांतील हेन्लो गांवच्या देवळाच्या नोंदवहींत एलिझाबेथेच्या १६०७ सालच्या बाप्तिस्म्याची नोंदही सांपडली. पतीच्या मागें ती चौदा वर्षें जगली, आणि १६८७ सालीं मुलीच्या घरीं वारली. प्लिमथच्या टेकडीवर हाउलंडाची स्मारकशिळा आहे. तिच्यावर आज जॉन टिलीचें नांव कोरलेलें आहे.