ॲसिटिलीनशी पंगा घेणारा रेप्पे

ग्राऊंडवर कुणाचा गुडघा फुटला की होस्टेलच्या फर्स्ट-एडच्या पेटीतून बीटाडीनची बाटली निघते. त्यातल्या आयोडिनला धरून ठेवणारं पॉलिमर म्हणजे पॉलिव्हिनिलपायरोलिडोन. जीभ वळत नसेल तर पीव्हीपी म्हणा. ते पहिल्यांदा बनवलं वाल्टर रेप्पेनं.

जन्म १८९२, जर्मनीत. येनाला शिकत असताना पहिलं महायुद्ध आलं, डॉक्टरेट १९२० मध्ये म्युनिकला मिळाली. १९२१ मध्ये तो बीएएसएफ कंपनीत लागला. त्याच वर्षी कंपनीच्या ओप्पाऊ कारखान्यात खताचा साठा उडाला आणि पाचशेहून जास्त माणसं गेली. अशा कंपनीत १९२८ च्या सुमारास या पठ्ठ्याच्या डोक्यात काय आलं, तर ॲसिटिलीन दाबाखाली वापरायचं!

वर्कशॉपमध्ये गॅस वेल्डिंग केलेल्यांना माहीत असेल, सिलिंडरमध्ये ॲसिटिलीन ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवतात. नुसतं दाबलं तर ऑक्सिजन नसतानाही त्याचा स्फोट होतो. रेप्पेनं त्यात नायट्रोजन मिसळला. मोकळी जागा राहू नये म्हणून जाड पाइपमध्ये बारीक नळ्यांचे जुडगे भरले. प्रयोगांसाठी स्क्रूच्या झाकणाचे स्टीलचे गोळे केले. मग एकामागून एक नव्या अभिक्रिया हाती लागल्या. 'रेप्पे केमिस्ट्री' म्हणतात ती हीच.

पीव्हीपीचं पेटंट १९३९ चं. साखळीचा कणा हायड्रोकार्बनचा, म्हणजे पाण्याशी वाकडं. पण लटकलेल्या प्रत्येक रिंगमधला ऑक्सिजन पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतो, म्हणून सगळी साखळीच विरघळते. अल्कोहोलमध्येही विरघळते.

दुसऱ्या महायुद्धात रक्तस्राव झालेल्या जखमींना हे द्रावण 'पेरिस्टन' नावानं प्लाझ्माऐवजी शिरेतून दिलं गेलं. मोठे रेणू रक्तवाहिनीतलं पाणी धरून ठेवत. पण फार मोठे रेणू मूत्रपिंडातून बाहेर पडेनात, शरीरातच साठू लागले. तो उपयोग मागे पडला.

एक गोष्ट झाकून चालणार नाही. तेव्हा बीएएसएफ आय. जी. फार्बेनचा भाग होती आणि त्या कंपनीनं आउशविट्झच्या कैद्यांना राबवलं.

युद्धानंतर १९४९ ते १९५७ रेप्पे बीएएसएफच्या संशोधनाचा प्रमुख होता. १९६९ मध्ये तो गेला. तोवर पीव्हीपीला दुसरी कामं मिळाली होती. अमेरिकेत १९५० च्या दशकात ते आयोडिनला जोडलं गेलं. आयोडिन हळूहळू सुटत असल्यामुळे जखम कमी चुरचुरते. हेअर स्प्रे त्याचाच. आणि औषधाच्या कित्येक गोळ्यांत पावडर चिकटवून ठेवायलाही तेच असतं.