पंडिता रमाबाई आणि त्रैक्याचा प्रश्न

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच ईश्वर, या ख्रिस्ती मताला मराठी ख्रिस्ती बांधव त्रैक्य म्हणतात. आपल्या घरांत त्याला तस्लीस म्हणण्याची रीत आहे. या मतावरील वादाचा विषय निघाला की दूरदेशीचे बिशप आणि त्यांच्या परिषदा आठवतात. परंतु हाच प्रश्न एका मराठी विदुषीने इंग्लंडच्या चर्चपुढे निर्भयपणे मांडला होता. ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये, हा त्या काळचा दंडक मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले आणि आईने रमेला. तीर्थाटनात कुटुंबाची मिळकत संपली. पुढे दुष्काळाने गाठले आणि आईवडील व थोरली बहीण यांचे छत्र हरपले. रमाबाई व बंधू श्रीनिवास पायी देश हिंडत 1878 साली कलकत्त्याला पोहोचले. तेथील पंडितांनी त्यांच्या विद्वत्तेचा गौरव करून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

तेथेच ब्राह्मो समाजाच्या सहवासात एकेश्वराचा विचार त्यांच्या मनात रुजला. 1880 मध्ये श्रीनिवास निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबंधन झुगारून विवाह केला. पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना बंगालीतील लूकचे शुभवर्तमान सापडले आणि ख्रिस्ती धर्माची पहिली ओळख झाली. 1882 च्या आरंभी पतीही गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी त्या तान्ह्या मनोरमेला घेऊन पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली.

वैद्यकाचे शिक्षण घ्यावे, या हेतूने 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी मठाच्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात खळबळ उडाली, आप्तेष्ट दुरावले. कानांच्या विकारामुळे वैद्यकाचा बेतही सोडावा लागला. त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकू व संस्कृत शिकवू लागल्या. परका देश, पदरी लहान मूल आणि सर्व आधार मठाचा, अशी त्यांची अवस्था होती.

अशा वेळी आश्रयदात्यांच्या मताला मान डोलावणे सोपे होते. रमाबाईंनी ते केले नाही. 1885 च्या सुमारास त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. आपण ख्रिस्ताची शिकवण स्वीकारली आहे, चर्चने पुढे घडविलेला प्रत्येक सिद्धान्त नव्हे, ही त्यांची भूमिका होती. ईश्वर एक असेल तर त्याच्या ठायी तीन व्यक्ती कशा, आणि जो स्वतः प्रार्थना करीत असे तोच ईश्वर कसा, याचा उलगडा त्यांना होत नव्हता. बायबल आपण स्वतः वाचणार आणि जे बुद्धीला व विवेकाला पटेल तेच मानणार, असा त्यांचा आग्रह होता. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने फेकून दिल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. चर्चची शिस्त न मानणे हा मठाच्या दृष्टीने अहंकार होता. त्यातच मनोरमा मठात वाढत होती. तिला कोणती श्रद्धा शिकवावी हे ठरविण्याचा अधिकार आईचा की मठाचा, हा प्रश्न रमाबाईंच्या काळजाला जाऊन भिडला. आईचा हक्क त्यांनी सोडला नाही.

त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न जुनाच होता. इ. स. 325 मध्ये निकिया येथे परिषद भरली ती याच वादापायी. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणून त्याच्या बरोबरीचा नव्हे, असे आलेक्झांड्रियाचे धर्मगुरू आरियस सांगत. परिषदेने ते मत फेटाळले. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जन्माच्या सुमारे अडीचशे वर्षे आधीची ही घटना आहे. पुढे 1553 मध्ये त्रैक्य नाकारल्याबद्दल मायकेल सर्व्हेटस या विद्वानाला जिनिव्हात जिवंत जाळण्यात आले. रमाबाईंच्या काळी मात्र त्रैक्य न मानणारे युनिटेरियन ख्रिस्ती अमेरिकेत प्रतिष्ठेने नांदत होते. 1886 मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या, तेव्हा या पंथाचेही साहाय्य त्यांना लाभले. त्यांच्या कार्यासाठी बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मोपदेशकच होते. त्यांच्यासोबत त्रैक्य मानणारेही त्या कार्यात होते.

11 मार्च 1889 रोजी रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. ते पुढे पुण्यास आणि अखेर केडगावच्या मुक्ती सदनात विस्तारले. दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुली व स्त्रिया तेथे वाढल्या, शिकल्या. मनोरमेने 1912 मध्ये गुलबर्ग्यास शाळा काढली; आपला परभणी जिल्हा तेव्हा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्यातील हे शहर. 1921 मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर पुरे करून 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रमाबाईंची ख्रिस्तावरील श्रद्धा 1891 नंतर अधिक दृढ झाली आणि त्रैक्याविषयीचा जुना विरोध मावळत गेला. त्या शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिल्या. शिवाय इंग्लंडमधील त्या दिवसांत हजरत ईसा (अ.) यांचा पित्याविना जन्मही त्यांना मान्य नव्हता, आणि तो तर दिव्य कुरआनने स्पष्टपणे सांगितला आहे. तेव्हा त्यांना आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभे करणे न्यायाचे होणार नाही.

मग हे चरित्र आपल्याला काय देते? कुरआन ग्रंथधारकांना तीन म्हणण्यापासून थांबण्यास सांगतो, हजरत ईसा (अ.) यांना अल्लाहचे दास व प्रेषित म्हणतो आणि हजरत मरियम (अ.) यांचा गौरव करतो. त्याच कुरआनात धर्माच्या बाबतीत सक्ती नाही आणि ग्रंथधारकांशी चर्चा उत्तम रीतीनेच करावी, अशीही आज्ञा आहे. मठात राहणाऱ्या एका आश्रित विधवेला प्रश्न विचारताना किती एकाकी वाटले असेल, याचा विचार करावा. तौहीद आपल्याला वारशाने मिळाली आहे. पण वारशाने मिळालेली गोष्ट समजलेली असतेच असे नाही. आपल्या घरातील एखादी मुलगी अल्लाहच्या एकत्वाविषयी प्रश्न विचारू लागली तर तिला उद्धट ठरवून गप्प बसवू नये. तिच्याजवळ बसावे, ग्रंथ उघडावा आणि उत्तर ठाऊक नसेल तर तिच्याबरोबर आपणही शिकावे.