सावित्रीबाई फुले : शिरवळजवळच्या नायगावच्या लेकीचा मृत्यू कसा झाला?

सावित्रीबाई मुलींना शिकवणाऱ्या शिक्षिका होत्या, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण त्यांचा मृत्यू कशामुळे झाला, हे माहितीये का?

३ जानेवारी १८३१ रोजी शिरवळजवळच्या नायगावात, खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतीराव फुल्यांशी लग्न झालं, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जोतीरावांनी त्यांना शिकवलं. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. वाटेत लोक अंगावर शेण फेकायचे, तरी त्या थांबल्या नाहीत.

१८९० मध्ये जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनीच धरलं. बाईनं हे करणं तेव्हा कल्पनेपलीकडचं होतं.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. लोक घरंदारं सोडून पळत होते. सावित्रीबाईंनी मात्र मुलगा डॉ. यशवंत यांच्यासोबत गावाबाहेर माळावर दवाखाना उभारला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतःच्या पाठीवरून तिथे आणलं. ज्यांची सावलीही लोक टाळायचे, त्यांच्यातलंच ते लेकरू होतं.

मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी त्या गेल्या.