नामदेवरायांची पंजाबवारी

नामदेवरायांची पायरी कुठल्या वारकऱ्याला ठाऊक नाही? महाद्वारात तिला कपाळ टेकूनच आपण आत जातो. पण याच नामदेवांचे शब्द समुद्रापार परक्या मुलखात नित्य गाइले जातात, हे आपल्या दिंडीत किती जणांना माहीत असेल?

शके ११९२, म्हणजे इ. स. १२७० च्या कार्तिक शुद्ध एकादशीला दामाशेटी-गोणाईच्या पोटी त्यांचा जन्म झाला. कुळ शिंप्याचे, पण मन काही सुई-दोऱ्यात रमेना. गोरोबाकाकांनी थापटणे मारून कच्चे ठरवले, तेव्हा औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांचे पाय धरले. ही कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. असो.

ज्ञानोबारायांसंगे तीर्थयात्रा झाली. १२९६ साली माउलींनी आळंदीला समाधी घेतली. सोबती एकेक करून गेले. पुढे नामदेवराय उत्तरेकडे निघाले ते थेट पंजाबात. बटाल्याजवळच्या घुमान गावी त्यांनी मुक्काम केला. तिथल्या माणसांना आधी मराठी शिका असे काही ते म्हणाले नाहीत. उत्तरेकडच्या लोकांना कळेल अशा बोलीत त्यांनी पदे केली. मला तर त्यांचा मोठेपणा इथेच दिसतो.

१६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची पदे गुरुमुखी लिपीत घेतली. आजच्या गुरू ग्रंथसाहेबात ती एकसष्ट आहेत. आपला विठ्ठल तिथे बीठल होऊन उभा आहे.

पुढे पोटामागे पंजाबी माणूस जगभर गेला. १८९६ पासून कित्येक जण आगगाडीचा रस्ता घालायला मोंबासाकडे गेले, कित्येक कॅनडात लाकडाच्या गिरण्यांत राबले. व्हँकूव्हरला १९०८ साली गुरुद्वारा उभा राहिला, अमेरिकेत स्टॉकटनला १९१२ साली. १९१४ साली कोमागाता मारू जहाजातून ३७६ उतारू व्हँकूव्हरला आले. सरकारने दोन महिने जहाज बंदरातच अडवून ठेवले आणि बहुतेकांना परत पाठवले. त्यांच्यासाठी पैसा उभा केला तो तिथल्या आपल्या माणसांनीच. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या साउथॉलमध्ये पंजाब्यांची मोठी वस्ती झाली. घर भाड्याचे असो की मालकीचे, ग्रंथसाहेब सोबत नेला, गुरुद्वाऱ्यात पोरांना गुरुमुखी शिकवली, म्हणून तर बोली टिकली. आणि तिच्याबरोबर शिंप्याच्या नाम्याची वाणीही गेली.

२०१५ साली घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते तुकोबारायांच्या वंशातले डॉ. सदानंद मोरे.

नामदेवरायांनी १३५० साली आषाढ वद्य त्रयोदशीला पंढरीत देह ठेवला असे आपण मानतो, पंजाबी भाविक मानतात घुमानला. त्यावरून भांडण कशाला? अमृतसरला कधी गेलात तर घुमान तिथून फार लांब नाही. डोके झाकून आत जावे, ग्रंथसाहेबापुढे माथा टेकावा आणि लंगरात पंगतीला बसावे.