रोज रात्री स्वतःची झडती घेणाऱ्या फ्रँकलिनला एक प्रश्न विचारायला मात्र अख्खं आयुष्य लागलं

अमेरिकेच्या शंभर डॉलरच्या नोटेवर एका माणसाचा फोटो असतो. गोल चेहरा, मागं गेलेलं टक्कल, खांद्यापर्यंत केस. बऱ्याच जणांना वाटतं की हा कुठला तरी राष्ट्राध्यक्ष असणार.

तर तसं नाही. हा बेंजामिन फ्रँकलिन. कधीच राष्ट्राध्यक्ष नव्हता. छापखानावाला होता, लेखक होता, वीज हा विषय त्यानं जगाला समजावून सांगितला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. पण आज विषय त्याच्या पतंगाचा आणि विजेचा नाही. विषय त्याच्या एका छोट्या वहीचा आहे.

आज आपण मोबाईलवर हॅबिट ट्रॅकर टाकतो ना, पाणी प्यायलो का, चाललो का, त्यावर टिक करतो, तसला ट्रॅकर या माणसानं सुमारे तीनशे वर्षांपूर्वी हातानं आखला होता. (माझा ट्रॅकर जानेवारीत चालू होऊन फेब्रुवारीत बंद पडला, ते जाऊद्या.)

सुरुवात बोस्टनमधून होते. १७०६ साली फ्रँकलिनचा जन्म झाला. वडील मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. घरात एकूण सतरा भावंडं. दहाव्या वर्षी पोराची शाळा सुटली आणि बाराव्या वर्षी त्याला सख्ख्या भावाच्या, जेम्सच्या छापखान्यात उमेदवारीला लावलं. तेही साधंसुधं नाही, लेखी करार करून. वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत भावाकडंच राबायचं.

पोरगा हुशार होता. खिळे जुळवता जुळवता लिहायला शिकला. भाऊ आपलं लिखाण छापणार नाही हे माहीत होतं, म्हणून एका विधवा बाईचं नाव घेऊन पत्रं लिहायचा आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवायचा. जेम्सनं अशी चौदा पत्रं छापली. लेखिका म्हणजे आपलाच सोळा वर्षांचा भाऊ आहे, हे त्याला बऱ्याच उशिरा कळलं. त्यानंतर भांडणं वाढली, मारही बसायचा. शेवटी १७२३ साली सतराव्या वर्षी फ्रँकलिन करार मोडून पळाला आणि फिलाडेल्फियात पोचला.

छापखान्यात काम केलेल्या कुणालाही शुद्धिपत्र माहीत असतं. पुस्तक छापून झालं, मग चुका दिसल्या, तर शेवटी एक पान चिकटवतात. अमुक पानावर अमुक चुकलंय, ते असं वाचावं. फ्रँकलिननं पुढं आत्मचरित्र लिहिलं तेव्हा स्वतःच्या आयुष्यातल्या चुकांना हाच छापखान्यातला शब्द वापरला. पाप म्हटलं नाही, अपराध म्हटलं नाही. छपाईतली चूक म्हटलं. छापलेलं पुसता येत नाही, पण पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करता येतं, असा त्यामागचा हिशोब.

त्याच्या शुद्धिपत्रात पहिली नोंद भावाचा करार मोडून पळण्याची. दुसरी, ओळखीतल्या एका माणसानं वसूल करून ठेवायला सांगितलेली ३५ पौंडांच्या आसपासची रक्कम यानं आणि याच्या दोस्तानं उडवली, ती. तिसरी, फिलाडेल्फियातल्या डेबोरा रीड नावाच्या मुलीला लग्नाचा शब्द देऊन गडी लंडनला गेला आणि तिला फक्त एक पत्र पाठवलं. त्यातही परत लवकर येणार नाही असं कळवणारं. तिनं मग दुसऱ्याशी लग्न केलं आणि तो नवरा परागंदा झाला.

यातल्या बऱ्याच चुका त्यानं खरंच दुरुस्त केल्या. पैसे व्याजासकट फेडले. डेबोराबरोबर १७३० साली संसार थाटला. जेम्स वारल्यावर त्याच्या मुलाला आपल्या छापखान्यात धंदा शिकवला.

आता येऊ प्रश्नांकडं.

१७२७ साली, एकविसाव्या वर्षी, फ्रँकलिननं फिलाडेल्फियात मित्रांचा एक कट्टा चालू केला. नाव जुंटो. दर शुक्रवारी संध्याकाळी भेटायचं. काच बसवणारा, मोजणीदार, चांभार, सुतार अशी कामधंद्यातली माणसं. कट्ट्याचा नियम असा की आधी ठरलेले चोवीस प्रश्न वाचायचे. एवढ्यात सांगण्यासारखं काय वाचलं? गावात कुणाचा धंदा बुडाला आणि का? कुणाची भरभराट झाली तर ती कशी? गावात कुणी नवा माणूस आलाय का आणि त्याला मदत लागेल का? प्रत्येक प्रश्नानंतर एक ग्लास वाईन भरून प्यायला वेळ मिळेल इतकं थांबायचं. चोवीस प्रश्न होईपर्यंत कट्ट्याची काय अवस्था व्हायची ते तुम्हीच समजा. पण याच कट्ट्यातून १७३१ साली वर्गणीवर चालणारं वाचनालय उभं राहिलं, ते आजही फिलाडेल्फियात चालू आहे.

जे कट्ट्यावर जमलं ते त्यानं स्वतःवर लावून बघितलं. आपल्यात कोणते गुण हवेत याची यादी केली. मिताहार, मौन, नीटनेटकेपणा, काटकसर, कष्ट, प्रामाणिकपणा वगैरे बारा गुण. मग वहीत रकाने आखले. आडवे सात वार, उभे गुण. दर आठवड्याला एकच गुण पकडायचा. रात्री वही उघडायची आणि आज कुठं घसरलो ते आठवून तिथं काळा ठिपका द्यायचा.

दिवसाची दोन टोकं दोन प्रश्नांनी बांधलेली. पहाटे पाचला उठल्यावर आज कोणतं चांगलं काम करायचं हा प्रश्न, आणि रात्री झोपण्याआधी आज कोणतं चांगलं काम झालं हा प्रश्न. बस. एवढीच पद्धत.

गंमत म्हणजे यादी बाराचीच राहिली असती. पण एका क्वेकर पंथाच्या मित्रानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं की लोक तुला गर्विष्ठ समजतात, तू वाद जिंकून थांबत नाहीस, समोरच्याला खाली दाखवतोस. वर उदाहरणंही दिली. रोज स्वतःची झडती घेणाऱ्या माणसाला ही गोष्ट दिसलीच नव्हती. मग तेरावा गुण यादीत आला, नम्रपणा.

तेरा गुण, तेरा आठवडे, म्हणजे वर्षाला चार फेऱ्या. जुने ठिपके खरवडून खरवडून वहीला भोकं पडायला लागली, म्हणून त्यानं हस्तिदंताची पानं घेतली. पेन्सिलीचा ठिपका ओल्या स्पंजनं पुसला की पान परत कोरं.

निकाल काय? नीटनेटकेपणात तो शेवटपर्यंत नापास. कागद जागेवर नाहीत, वेळेचं वेळापत्रक नाही. त्यावर तो एका माणसाची गोष्ट सांगतो, ज्याला अख्खी कुऱ्हाड धारेसारखी चकचकीत करून हवी होती. लोहार म्हणाला करतो, तू सहाणेचं चाक फिरव. थोड्या वेळात हात दुखायला लागल्यावर त्या माणसाला डागाळलेली कुऱ्हाडच आवडायला लागली. नम्रपणाचं म्हणाल तर तो जमला तरी त्याचाच गर्व होईल, असं फ्रँकलिनचं स्वतःबद्दलचं मत होतं. तरीही एक बदल पक्का झाला. नक्कीच, निःसंशय असले शब्द त्यानं सोडले आणि मला असं वाटतं अशी सुरुवात करायला लागला. पुढं सभागृहांमध्ये आपलं म्हणणं लोकांनी ऐकलं त्याचं बरंचसं श्रेय तो या सवयीला देतो.

१७३६ साली त्याचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस देवीच्या रोगानं गेला. त्याला टोचून घेतलं नव्हतं. फ्रँकलिन टोचण्याच्या बाजूचा होता, तरी राहून गेलं होतं. लोकांत बोललं जाऊ लागलं की पोरगं टोचल्यामुळंच गेलं. तेव्हा त्यानं आपल्या वर्तमानपत्रात छापून सांगितलं की टोचलं नव्हतं. स्वतःची चूक अशी चारचौघांत छापायला काळीज लागतं. म्हातारपणीही हे दुःख त्यानं लिहून ठेवलं, इतर आईबापांनी शहाणं व्हावं म्हणून.

पण वही सगळं विचारत नव्हती. ज्या डेबोराला त्यानं शुद्धिपत्रात जागा दिली, तिला सोडून तो १७६४ साली पुन्हा लंडनला गेला. १७६९ साली तिला पक्षाघाताचा झटका आला. तो परतला नाही. १७७४ च्या डिसेंबरमध्ये ती गेली, तेव्हाही तो लंडनमध्येच होता. मुलगा विल्यम स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूनं राहिला, त्याला त्यानं पूर्ण माफ कधीच केलं नाही.

आणि सगळ्यात मोठा ठिपका गुलामगिरीचा.

फ्रँकलिनच्या घरी गुलाम होते. त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या आणि पळालेल्या गुलामांना पकडून देण्याच्या जाहिराती छापल्या जायच्या, त्याचे पैसे यायचे. त्याच छापखान्यात गुलामगिरीविरुद्धची पुस्तकंही छापली गेली. १७५७ साली बापलेक लंडनला गेले तेव्हा पीटर आणि किंग असे दोन गुलाम सोबत होते. किंग तिथून पळाला. करार मोडून पळालेल्या माणसाच्या घरातून पळाला.

१७५१ साली लिहिलेल्या एका निबंधात फ्रँकलिननं म्हटलं होतं की गुलाम स्वभावानंच चोर असतो. १७६३ साली तो फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय मुलांची शाळा बघायला गेला. ती मुलं शिकण्यात गोऱ्या मुलांच्या बरोबरीची आहेत हे त्यानं डोळ्यांनी बघितलं आणि आपलं आधीचं मत चुकीचं होतं हे पत्रात कबूल केलं. १७६९ साली तोच निबंध परत छापताना त्यानं ती जागा दुरुस्त केली. चोरी माणसाच्या स्वभावातून नाही, गुलामगिरीच्या स्वरूपातून येते, असा अर्थ केला. दोन-चार शब्दांचं काम, खिळे जुळवणाऱ्याला पाच मिनिटांचं. मूळ मजकूर आणि दुरुस्ती यात अठरा वर्षं गेली.

१७८७ साली तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. फेब्रुवारी १७९० मध्ये गुलामगिरी संपवा असा अर्ज त्याच्या सहीनं अमेरिकेच्या काँग्रेसपुढं गेला. दक्षिणेतले प्रतिनिधी खवळले. १८०८ पर्यंत गुलामांची आयात थांबवता येणार नाही आणि राज्यांच्या आत सुटका करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं सांगून सभागृहानं विषय बाजूला ठेवला.

फ्रँकलिन तेव्हा ८४ वर्षांचा होता, मूतखड्यानं अंथरुणाला खिळलेला. त्यानं सोळाव्या वर्षीची युक्ती परत काढली, म्हणजे खोटं नाव. अल्जिअर्समधला एक मुसलमान सरदार ख्रिस्ती गुलाम ठेवणं कसं योग्य आहे हे पटवून देतोय, असं भाषण त्यानं रचलं. त्यात जॉर्जियाच्या प्रतिनिधीचे मुद्देच उलटे फिरवले होते. मार्च १७९० मध्ये ते छापून आलं. १७ एप्रिलला फ्रँकलिन वारला.

आत्मचरित्र तो शेवटच्या महिन्यांपर्यंत लिहीत होता, पण त्यातली हकीकत १७५७ च्या आसपास येऊन थांबते. त्यातल्या शुद्धिपत्रात गुलामांचा उल्लेख नाही.